अनुभवी लढाऊ वैमानिकालाही साधी वस्तू ‘अज्ञात’ का वाटते?

प्रश्न थोडक्यात असा आहे: हजारो तास उड्डाण केलेले लढाऊ वैमानिक, हाताशी रडार आणि इन्फ्रारेड (उष्णता टिपणारा) कॅमेरा असताना, शपथेवर सांगतात की आम्ही ओळखता न येणाऱ्या वस्तू पाहिल्या. ते फुग्याला किंवा शुक्राला फसले असं म्हणणं हा त्यांचा अपमान नाही का? आणि सगळ्याला साधं उत्तर असेल, तर काही प्रकरणं अजून सुटत का नाहीत?

अपमान नाही, आणि हे मी फसलेल्या माणसाच्या अधिकाराने सांगतो. मी बरीच वर्षं लढाऊ विमानं उडवली आणि नंतर उड्डाण सुरक्षेच्या चौकश्यांवर काम केलं. पहिली ‘अज्ञात वस्तू’ मी स्वतःच पाहिली होती.

हिवाळ्यातली अमावास्येच्या आसपासची रात्र होती. खाली वस्ती नाही, त्यामुळे दिवे नाहीत. डाव्या पंखाच्या टोकाच्या जरा वर एक फिकट नारिंगी दिवा दिसला. रेडिओवर नियंत्रकाला विचारलं, तर त्याच्या पडद्यावर माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी डावीकडे वळलो, दिवा वळणात माझ्याबरोबर राहिला. वेग वाढवला, तो मागे पडेना. उंची सोडली, तोही उतरला. चारेक मिनिटं मी त्याच्याशी झुंजत होतो आणि माझ्या मनात त्याचं अंतर पक्कं होतं: दोन किलोमीटर. मग इंधनाचा कागद बघायला उजवा हात खाली नेला आणि दिवा गेला. हात उचलला, दिवा परत आला. उजव्या पॅनेलवरच्या एका सूचक दिव्याचं प्रतिबिंब कॅनोपीच्या, म्हणजे डोक्यावरच्या काचेच्या घुमटाच्या, आतल्या बाजूला पडत होतं. दोन किलोमीटर सोडाच, ते माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर होतं.

त्या रात्री उतरल्यावर मला एकच गोष्ट छळत होती. ते दोन किलोमीटर आले कुठून? मी ते मोजले नव्हते, कुणी मला सांगितले नव्हते. तरीही मी ते रेडिओवर आकड्यासह कळवले होते, आणि तेव्हा मी खोटं बोलत नव्हतो.

या सगळ्या विषयाची किल्ली मला तिथे सापडली. डोळ्याला कोन कळतो. वस्तू कुठल्या दिशेला आहे, केवढा कोन व्यापते, किती झपाट्याने सरकते, एवढंच कळतं. अंतर कळत नाही. दोन डोळ्यांमध्ये साधारण साडेसहा सेंटिमीटरची फट असते, आणि तेवढ्या पायावर फार लांबचं अंतर जोखता येत नाही. एरवी आपण ओळखीच्या वस्तूचा आकार, वाटेतली झाडं, धूसरपणा यांवरून अंतर ठरवतो. रिकाम्या आकाशात यातलं काहीच नसतं. ३० सेंटिमीटरचा फुगा २५० मीटरवर, ३ मीटरची वस्तू अडीच किलोमीटरवर आणि ३० मीटरची वस्तू २५ किलोमीटरवर, या तिन्ही डोळ्याला तंतोतंत सारख्या दिसतात. पण मेंदू गप्प बसत नाही. तो यातलं एक अंतर निवडतो आणि तिथून आकार आणि वेग आपोआप ठरतात. अंतर दहापट चुकलं की वेगही दहापट चुकतो. साक्षीदार सांगतो, ‘ती वस्तू ध्वनीच्या चौपट वेगाने गेली.’ त्या वाक्यात प्रत्यक्ष पाहिलेलं फारच थोडं असतं, बाकी सगळं त्या एका न मोजलेल्या अंतरावर उभं असतं.

याची सर्वांत मोठी किंमत कॅप्टन थॉमस मँटेल यांनी मोजली. ७ जानेवारी १९४८ रोजी अमेरिकेतल्या केंटकी राज्यात फोर्ट नॉक्सजवळच्या गॉडमन तळावरून आकाशात एक पांढुरकी, गोलसर वस्तू दिसली. मँटेल आपल्या तुकडीबरोबर मस्टँग विमानं घेऊन जवळूनच जात होते. त्यांना बघायला सांगितलं. ते चढत गेले. विमानात एवढ्या उंचीसाठी प्राणवायूची सोय नव्हती. साथीदार परत फिरले, मँटेल वस्तू ‘वर आणि समोर’ आहे असं कळवत चढतच राहिले, शुद्ध हरपली आणि विमान कोसळलं. आधी शुक्राचं कारण दिलं गेलं, ते लंगडं होतं. भर दुपारी शुक्र इतका ठळक दिसत नाही. जुळणारं उत्तर पुढे आलं: अमेरिकी नौदलाचा स्कायहूक फुगा. पातळ पॉलिथिनचा, ३० मीटरच्या आसपास व्यासाचा, ३० किलोमीटर उंचीपर्यंत जाणारा, उन्हात धातूसारखा चकाकणारा. प्रकल्प गुप्त होता, त्यामुळे मँटेलना असं काही अस्तित्वात आहे हेच ठाऊक नव्हतं. आणखी जरा वर गेलो की गाठू असं त्यांना वाटत होतं, आणि तो फुगा मस्टँगच्या कुवतीच्या कितीतरी पलीकडे तरंगत होता. अतिशय अनुभवी वैमानिक होता तो, दुसऱ्या महायुद्धात उडालेला. त्याच्या कौशल्यात कुठेच खोट नव्हती.

त्याच वर्षी १ ऑक्टोबरला नॉर्थ डकोटातल्या फार्गो शहरावर जॉर्ज गॉर्मन या वैमानिकाने रात्री एका छोट्या पांढऱ्या दिव्याशी २७ मिनिटं हवाई झुंज दिली. दिवा अंगावर येई, शेवटच्या क्षणी वर निसटे, पुन्हा वळून येई. त्याच सुमारास फार्गोहून दिवा बांधलेला हवामानाचा फुगा सोडल्याची नोंद निघाली. लोक विचारतात की फुगा अंगावर कसा येईल? बसल्या जागी करून बघण्यासारखं आहे. अंधारात हळूहळू वर सरकणारा एक दिवा धरा आणि त्याच्याभोवती ताशी ५०० किलोमीटर वेगाने, तिरक्या पंखांनी घिरट्या घाला. तुम्ही त्याच्याकडे वळलात की तो सरळ तुमच्याकडे येतो. तुम्ही त्याच्या खालून गेलात की त्याने वर उडी मारलेली असते. तुम्ही लांब जाऊन परत वळलात की तो ‘वळून’ आलेला असतो. सगळ्या हालचाली तुमच्याच असतात. क्षितिज दिसत नसेल तर त्या तुम्ही दिव्याच्या खाती जमा करता. रात्रीची झुंज शिकवताना आम्ही हा धडा शिकवतो, कारण यातूनच वैमानिक दिशाभूल होऊन जमिनीवर आदळतात.

स्थिर दिव्याचं तर आणखी वेगळं. काळ्याकुट्ट पार्श्वभूमीवर एकाच ठिपक्याकडे काही सेकंद टक लावून बघा, तो आपोआप सरकू लागतो. डोळ्यांच्या बारीक, नकळत होणाऱ्या हालचालींमुळे असं घडतं असं मानतात. म्हणून वैमानिकांना रात्री नजर एका जागी न ठेवता फिरवत राहायला शिकवतात. क्षितिजाजवळचा व्याध तारा हवेच्या थरांतून येताना लाल, हिरवा, निळा असा लुकलुकतो. त्यात हा आभास मिसळला की झाली रंग बदलणारी, जागच्या जागी नाचणारी वस्तू. शुक्र आणि गुरू तर या यादीत कायमचे. लहानपणी चांदोबा आपल्याबरोबर चालतो असं वाटायचं ना? अतिदूरची वस्तू तुम्ही कितीही वेगाने गेलात तरी त्याच दिशेला राहते, म्हणून ‘पाठलाग’ करते. लडाखमध्ये पँगाँगच्या परिसरात आपल्या सैनिकांनी २०१२ ते २०१३ दरम्यान आकाशातल्या प्रकाशमान वस्तूंच्या शेकडो नोंदी केल्या. चीनचे टेहळणी ड्रोन असावेत असा संशय होता. शेवटी बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना विचारलं गेलं. एक वस्तू शुक्र निघाली, दुसरी गुरू. मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही. विरळ, स्वच्छ हवेत ग्रह विलक्षण तेजस्वी दिसतात, आणि सीमेवरच्या जवानाने शंका आली की कळवायचंच असतं. मला त्या प्रकरणात आवडतं ते हे की त्यांनी वेळ आणि दिशा नीट लिहून ठेवली होती. उत्तर निघालं ते त्यामुळेच.

वैमानिक उत्तम साक्षीदार असतो हा समज मात्र तपासून बघायला हवा. अमेरिकी हवाई दलाचा ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’ १९५२ ते १९६९ चालला, त्यात १२,६१८ नोंदी झाल्या आणि ७०१ अनुत्तरित राहिल्या. त्याचे खगोलशास्त्रीय सल्लागार जे. ॲलन हायनेक हे या विषयाकडे गांभीर्याने बघा असं सांगणारे गृहस्थ होते. त्यांनीच साक्षीदारांची व्यवसायवार विभागणी केली, तेव्हा लष्करी वैमानिक एकटाच साक्षीदार असलेल्या नोंदींत ओळखण्यातली चूक ८८ टक्के निघाली. तंत्रज्ञांसारख्या काही गटांत ती बरीच कमी होती. हे ऐकून माझे काही मित्र चिडतात. पण नीट विचार केला तर हे असंच असायला हवं. वैमानिकाच्या मेंदूची घडण आकाशातल्या प्रत्येक ठिपक्याला ‘विमान, आणि कदाचित धोका’ असं क्षणात वाचण्यासाठी केलेली असते. दहा वेळा उगाच सावध झालात तर थोडं इंधन जातं, एकदा गाफील राहिलात तर जीव जातो. त्यामुळे तो चूक करतो ती नेहमी एकाच बाजूला: वस्तू जवळ आहे, तिला दिशा आहे, तिला हेतू आहे.

आणि वेळ किती मिळतो? ४५० नॉट म्हणजे सेकंदाला सुमारे २३० मीटर. वाढदिवसाचा चंदेरी फुगा पाचशे मीटरवर नजरेला आला, तर तो तुमच्या पंखाजवळून जाईपर्यंत जेमतेम दोन सेकंद मिळतात. तो जागच्या जागी तरंगत होता. तुम्हाला मात्र आठवणार ते बाजूने सुसाट गेलेलं चकचकीत काहीतरी.

‘डोळ्याचं जाऊ द्या, कॅमेरा खोटं बोलतो का?’ हा पुढचा प्रश्न. कॅमेराही बहुतेक वेळा कोनच मोजतो, आणि याचं फार सुरेख उदाहरण सार्वजनिक आहे. अमेरिकी नौदलाच्या तीन चित्रफिती पेंटागॉनने २७ एप्रिल २०२० रोजी अधिकृतपणे प्रसिद्ध केल्या. त्यातली ‘गो फास्ट’ जानेवारी २०१५ मध्ये अटलांटिकवर एफ-१८ विमानाच्या पॉडमधून, म्हणजे बाहेरून लावलेल्या कॅमेऱ्याच्या पेटीतून, घेतलेली. एक पांढरा ठिपका समुद्राला लगटून सुसाट पळतोय आणि वैमानिक आनंदाने ओरडतायत. मी ती पहिल्यांदा बघितली तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला. मग कागद घेतला, कारण या चित्रफितीच्या पडद्यावर अंतर छापलेलं आहे.

कॅमेऱ्याने ठिपका पकडला त्या वेळी विमानाची उंची २५,००० फूट, म्हणजे ७,६२० मीटर. कॅमेरा क्षितिजाखाली २६ अंश झुकलेला. वस्तूचं अंतर ४.४ समुद्री मैल, म्हणजे सुमारे ८,१५० मीटर. शाळेतला काटकोन त्रिकोण काढा. २६ अंशांची साइन ०.४३८, तिने ८,१५० ला गुणलं की सुमारे ३,५७० मीटर. वस्तू विमानापासून फक्त एवढी खाली आहे. म्हणजे ती समुद्राला लगटून नाही, समुद्रापासून चार किलोमीटर वर, १३,००० फुटांच्या आसपास आहे. थोड्या वेळाने कोन ३५ अंशांजवळ जातो, अंतर ३.४ समुद्री मैलांवर येतं. पुन्हा गुणाकार केला, पुन्हा तीच उंची.

मग ती पळताना का दिसते? धावत्या गाडीतून जवळचं एक झाड नजरेने धरून ठेवा आणि त्याच्या मागच्या शेताकडे लक्ष द्या. शेत झाडामागून सरकत जातं. इथे गाडीच्या जागी ताशी सुमारे ६८० किलोमीटरने उडणारं विमान आहे, झाडाच्या जागी तो ठिपका आणि शेताच्या जागी समुद्र. पळणारं विमान आहे. नासाने नेमलेल्या स्वतंत्र अभ्यासगटाने सप्टेंबर २०२३ च्या अहवालात हाच हिशोब विमानाचं वळण धरून केला. २२ सेकंदांत वस्तू सुमारे ३९० मीटर सरकली, म्हणजे वेग ताशी साधारण ६४ किलोमीटर. त्या उंचीवरचा वारा तेवढाच असू शकतो. वाऱ्याबरोबर जाणारं काहीतरी, इतकंच ते. पेंटागॉनने या कामासाठी २०२२ मध्ये उभारलेलं आरो नावाचं कार्यालय आहे. तेही या वस्तूची उंची १३,००० फूट आणि तिची धाव हा कोनाचा आभास असल्याच्याच निष्कर्षाला आलं. ती फुगा होती की पक्षी, ते यातून ठरत नाही. पण जी गोष्ट लोकांना अलौकिक वाटली, तो वेग, तो शाळेतल्या गणितात विरघळून जातो. अंतर छापलेलं होतं म्हणून.

‘गिम्बल’ नावाच्या दुसऱ्या चित्रफितीत अंतर छापलेलं नाही, आणि म्हणूनच तिच्यावर अजून वाद आहे. त्यात दिसणारी काळी, भोवऱ्यासारखी आकृती मधेच फिरते. अशा चित्रफितींचा छडा लावणारे अभ्यासक मिक वेस्ट यांनी मांडलेलं स्पष्टीकरण मला पटतं. इन्फ्रारेड कॅमेऱ्यात लांबच्या इंजिनाचा झोत पसरून वस्तूपेक्षा मोठा डाग दिसतो, आणि तो डाग भिंगाच्या यंत्रणेला बांधलेला असतो. पॉड डावीकडून नाकासमोर येत असताना त्याची आतली चौकट गोल फिरवावी लागते. चित्र सरळ राहावं म्हणून यंत्रणा बाकीचं दृश्य उलट फिरवते, आणि डाग तेवढा फिरल्यासारखा दिसतो. असे पॉड मी वापरले आहेत. नाकासमोरून लक्ष्य जाताना ते कसे झटके देत वळतात, ते हाताला माहीत आहे. यामुळे फिरण्याचा उलगडा होतो, वस्तू कोणती ते मात्र यातून कळत नाही. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

दोन जुनी प्रकरणं झटपट सांगतो, कारण त्यांत अंतराची चूक उघडी पडते. ५ मार्च २००४ रोजी मेक्सिकोच्या हवाई दलाच्या टेहळणी विमानाला कॅम्पेचे भागात इन्फ्रारेडवर अकरा प्रकाशगोळे दिसले. नुसत्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं. ते आपल्याला घेरतायत असं विमानातल्या चमूला वाटलं. ते दीडशेहून जास्त किलोमीटर लांब, कॅम्पेचेच्या उपसागरातल्या तेलविहिरींवर जळणाऱ्या वायूच्या ज्वाळा होत्या. मधले ढग सरकत होते, म्हणून गोळे सरकताना दिसले. दुसरं चिलीचं. ११ नोव्हेंबर २०१४ रोजी नौदलाच्या हेलिकॉप्टरने एक वस्तू दहाएक मिनिटं टिपली, ती मधेच मागे काहीतरी सोडत होती. सरकारी समितीने दोन वर्षं अभ्यास करून ‘अनोळखी’ असा शेरा मारला. जानेवारी २०१७ मध्ये चित्रफीत लोकांपुढे आली आणि हौशी अभ्यासकांनी काही दिवसांत विमानांच्या नोंदींशी ताडून दाखवलं की ते सँतियागोहून उडालेलं चार इंजिनांचं प्रवासी विमान होतं. समितीने वस्तू जिथे असेल असं धरून रडार तपासलं, विमान त्याहून लांब, ढगांच्या थरांतून वर चढत होतं.

रात्रीच्या चष्म्यातून दिसणाऱ्या हिरव्या ‘पिरॅमिड’ची गोष्टही अशीच. २०१९ च्या नौदलाच्या त्या चित्रफितीत प्रकाशबिंदू त्रिकोणी दिसतात, कारण उपकरणाच्या झडपेचं तोंड त्रिकोणी आहे आणि फोकस सुटलेला आहे. त्याच दृश्यात जे तारे आहेत तेही त्रिकोणीच दिसतात. १७ मे २०२२ रोजी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाने त्रिकोणी आकार उपकरणामुळे दिसतो हे मान्य केलं.

रडार अंतर देतं हे खरं. पण ते कच्ची हवा दाखवत नाही, छाननी करून दाखवतं. लढाऊ विमानाचं रडार ठरावीक वेगाखालचं सगळं गाळून टाकतं, नाहीतर पडदा पक्षी, पाऊस आणि जमिनीने भरून जाईल. फेब्रुवारी २०२३ मध्ये चीनचा फुगा अमेरिकेवरून गेला आणि ४ तारखेला साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर एफ-२२ ने पाडला. त्यानंतर उत्तर अमेरिकेच्या हवाई संरक्षण कमांडने वेगाची ही चाळणी सैल केली. लगेच मंदगती वस्तू दिसू लागल्या आणि १० ते १२ फेब्रुवारी अशा तीन दिवसांत आणखी तीन पाडल्या गेल्या. राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी नंतर सांगितलं की त्या बहुधा खासगी कंपन्यांचे, हौशी मंडळींचे किंवा संशोधन संस्थांचे फुगे असावेत. आकाशात त्या आठवड्यात नवं काही उगवलं नव्हतं. नौदलाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या वैमानिकांना २०१४ नंतर, विमानांना नवं संवेदनशील रडार बसल्यावर, ‘रोज’ वस्तू दिसू लागल्या, तेव्हा मला पहिल्यांदा हेच आठवतं. शिवाय हवेचे थर उलटे बसले, वर उबदार आणि खाली गार, की रडारचा किरण वाकून जमिनीवरच्या वस्तू आकाशात दाखवतो. जुलै १९५२ मध्ये सलग दोन शनिवार-रविवारी वॉशिंग्टनच्या रडारवर ठिपके नाचले, विमानं धावली आणि हवाई दलाने २९ जुलैच्या पत्रकार परिषदेत मुख्यतः हेच कारण दिलं.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, न सुटलेली प्रकरणं. १४ नोव्हेंबर २००४ चं, निमिट्झ या अमेरिकी विमानवाहू नौकेच्या वैमानिकांचं प्रकरण मी मुद्दाम घेतो, कारण ते माझ्या मताला सर्वांत जड जातं. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापलीकडे कमांडर डेव्हिड फ्रेव्हर, वैमानिक ॲलेक्स डीट्रिक आणि त्यांचे सहकारी अशा दोन विमानांतल्या चौघांनी भर दिवसा एक पांढरी, लंबगोल, बिनपंखी वस्तू पाहिली. ती खालच्या खळबळणाऱ्या पाण्यावर हलत होती, मग एकदम निघून गेली. प्रिन्स्टन या युद्धनौकेच्या रडारवर त्याआधीचे काही दिवस विचित्र नोंदी येत होत्या. ही माणसं मला प्रामाणिक वाटतात. पण तपासायला हाती काय आहे? रडारच्या कच्च्या नोंदी लोकांपुढे नाहीत. जी चित्रफीत आहे ती नंतर उडालेल्या दुसऱ्या विमानाची. तिच्यात शेवटी ठिपका डावीकडे झेपावतो तो कॅमेऱ्याची पकड सुटण्याच्या आणि झूम बदलण्याच्या क्षणी. उरतात आठवणी, आणि त्यांतली चाळीस फूट लांबी नजरेच्या अंदाजावर उभी आहे. म्हणून मी या प्रकरणाला ‘फुगा’ म्हणत नाही आणि ‘परग्रहावरचं यान’ही म्हणत नाही. माहिती अपुरी असलेलं प्रकरण, एवढंच म्हणतो.

आकडे हेच सांगतात. जून २०२१ च्या अमेरिकी गुप्तवार्ता अहवालात १४४ नोंदी होत्या, खात्रीने ओळखता आली ती एकच, हवा जाऊन आक्रसणारा मोठा फुगा. बातम्यांत उरलेल्या १४३ गाजल्या. आरोच्या नोव्हेंबर २०२४ च्या अहवालात ७५७ नोंदी होत्या. ज्यांचा निकाल लागला त्या फुगे, पक्षी, ड्रोन, उपग्रह अशा निघाल्या. ४४४ नोंदी बाजूला ठेवल्या, कारण तपासायला पुरेशी माहितीच नव्हती. खोलात जाण्याजोग्या वाटल्या त्या २१. ‘ओळखता आली नाही’ या शेऱ्याचा अर्थ बहुतेक वेळा हाच असतो: कुणीतरी काहीतरी पाहिलं आणि आवश्यक तो आकडा लिहिलेला नाही. इंटरनेट पुरवणारे स्टारलिंकचे उपग्रह आल्यापासून रात्रीच्या वैमानिकांना क्षितिजाजवळ एकामागून एक उजळणारे आणि विझणारे दिवे दिसतात. वेळ आणि दिशा असेल तर ते दहा मिनिटांत जुळवता येतं, नसेल तर कधीच नाही.

इथे मला एक सल बोलून दाखवायचा आहे. एका तळावर एका तरुण वैमानिकाने चकाकत्या गोल वस्तूची नोंद केली आणि वरिष्ठांनी मेसमध्ये त्याची टर उडवली, टोपणनाव पडलं. पुढे काही महिन्यांनी त्याच तळाच्या उतरण्याच्या मार्गात दुसऱ्या एकाला हवामानाचा फुगा फार जवळून गेला. त्याने ते लिहिलंच नाही. आम्हाला कळलं ते आठवड्याने, गप्पांत. फुग्याखाली यंत्राची पेटी असते, ती इंजिनात गेली तर काय होतं हे वेगळं सांगायला नको. साधं स्पष्टीकरण निघालं म्हणून धोका कमी होत नाही, आणि साक्षीदाराची थट्टा केली की पुढची नोंद मरते. ते मी कधी विसरलो नाही.

त्यानंतर माझ्याकडे काम आलं तेव्हा मी नोंदीचा कागद बदलून घेतला. वर वेळ, सेकंदासह. मग स्वतःची जागा, उंची, नाकाची दिशा. मग वस्तूची दिशा आणि क्षितिजापासून वर-खाली किती अंश. हात पुढे ताणून धरला तर मूठ साधारण दहा अंशांची असते, तेवढी मापपट्टी पुरते. रात्रीची वेळ असेल तर कॉकपिटचे दिवे मंद करून पाहिलं का, डोकं हलवल्यावर वस्तू कॅनोपीच्या चौकटीच्या मानाने सरकली का. आकार आणि वेगाचे रकाने मी सगळ्यांत खाली नेले आणि अंतराच्या रकान्यात लिहायला सांगितलं: मोजलं असेल तर कशाने, नाहीतर ‘माहीत नाही’. जुन्या वैमानिकांना हे कमीपणाचं वाटलं. ‘माहीत नाही’ लिहायची सवय आमच्या पेशात नसते.

दुसऱ्याच हिवाळ्यात दोन नोंदी एकाच संध्याकाळच्या आल्या. सूर्य मावळून गेला होता, जमीन काळी पडली होती आणि दोन वेगवेगळ्या विमानांतून दोघांनी एक झगझगीत, लालसर, न हलणारा गोळा पाहिला होता. विमानं एकमेकांपासून साठ-सत्तर किलोमीटरवर होती. दोघांनीही अंतर ‘माहीत नाही’ लिहिलं होतं, पण वेळ, दिशा आणि अंश नेमके होते. नकाशावर दोन रेषा ओढल्या, त्या एका जागी छेदल्या. कोनांवरून उंची काढली, २७ किलोमीटरच्या आसपास आली. हवामान केंद्राला फोन लावला. संध्याकाळचा फुगा नेहमीच्या वेळी सोडला होता, सेकंदाला पाचेक मीटरने चढत होता आणि त्यांच्या नोंदीत त्या मिनिटाला तो आमच्या छेदबिंदूच्या आसपासच होता. खाली अंधार झाला तरी तेवढ्या उंचीवर ऊन वीसेक मिनिटं जास्त टिकतं. त्याच शेवटच्या उन्हात तो पेटला होता. मी दोघांना बोलावून नकाशा दाखवला. धाकटा बराच वेळ त्या छेदबिंदूवर बोट ठेवून उभा राहिला. मग म्हणाला, ‘सर, मला तो पाच किलोमीटरवर वाटला होता. लिहिणार होतो.’